मारबतीचे बांबू

एखाद्या वस्तूचा जो भाग कुणाच्याही दृष्टीस कधीच पडणार नाही, त्या भागाप्रती ती वस्तू घडविणाऱ्याचे काही कर्तव्य असते काय? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु नीतिशास्त्रातील पुष्कळ मोठे प्रश्न अशाच क्षुल्लक वेषात दाराशी येऊन उभे राहतात आणि आपण त्यांना फेरीवाला समजून परत पाठवितो, असे आम्हास वाटत आले आहे.

या प्रश्नाला झटपट उत्तर देणारे अनेक भेटतात. शिंपी कोटाच्या अस्तराआडची शिवण नीट घालतो, कारण ती उसवली तर कोटाची ठेवण बिघडते. स्लॅब टाकताना आतल्या लोखंडी सळया हिशेबाप्रमाणे बांधाव्या लागतात. काँक्रीट ओतल्यावर त्या दिसत नाहीत. पण त्यांत काटछाट झाली तर काही वर्षांनी ते छत कुणाच्या तरी डोक्यावर येते. तेव्हा न दिसणारे कामही सचोटीने करावे, हे कुणीही मान्य करील. मात्र जरा नीट पाहिले की ध्यानात येते, या उदाहरणांत 'न दिसणे' हा मुद्दाच नाही. सळई दिसत नसली तरी भार वाहते. तिच्याशी केलेली लबाडी ही शेवटी माणसांशी केलेली लबाडी ठरते. प्रश्न त्याच्या शुद्ध स्वरूपात पाहावयाचा असेल तर असे काम हवे, जे दिसतही नाही आणि ज्याचा काडीचा उपयोगही नाही. असे उदाहरण आम्हास तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात मिळाले नाही. ते मिळाले आमच्याच धर्मग्रामात, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका सद्गृहस्थांच्या घरी, त्यांच्या मुलाच्या टेबलावर.

ते उदाहरण म्हणजे प्लास्टिकचा एक चिलखतधारी पुतळा. वीतभर उंचीचा. असे पुतळे तयार मिळत नाहीत. सुटे भाग खोक्यात भरून येतात आणि घेणाऱ्याने ते घरी जोडावयाचे असतात. पाश्चात्त्य देशांत दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाला बहर आला. इंग्लंडातील एअरफिक्सची विमाने आणि जहाजे आमच्या पिढीतील काही मुलांनी तरी पाहिली असतील. अमेरिकेतील अरोरा नावाच्या कंपनीने १९५० च्या दशकात मध्ययुगीन युरोपातील सरदारांचे पुतळे काढले होते. शिरस्त्राण, छातीचा पत्रा, गुडघ्यांच्या वाट्या असे सारे सुटे मिळे आणि मुले ते सरसाने चिकटवून रुपेरी रंगात रंगवीत. आज तरुणांना अधिक ओढ आहे ती जपानी पुतळ्यांची. ७ एप्रिल १९७९ रोजी जपानी दूरदर्शनवर 'मोबाइल सूट गंडम' नावाची एक चित्रमालिका सुरू झाली. प्रेक्षक पुरेसे न मिळाल्यामुळे ती ठरल्यापेक्षा लवकर, ४३ भागांतच आटोपती घ्यावी लागली. पुढे जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने त्या मालिकेतील यंत्रमानवाचा पहिला सुटा संच ३०० येनला विकावयास काढला आणि जी कथा पडद्यावर फसली होती ती टेबलावर जगली. या यंत्रमानवाचे शिरस्त्राण आणि खांद्यांवरील पत्रे पाहिले की जपानी सामुराई योद्ध्याच्या चिलखताची आठवण येते. कथेतील त्याची उंची १८ मीटर. शंभरास एक या प्रमाणातला पुतळा, म्हणून, १८ सेंटिमीटरचा.

ही जोडणी आम्ही अनेकदा जवळ बसून पाहिली आहे, आणि ती पाहण्यासारखी असते. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे दाणे सुमारे २०० अंश तापमानाला वितळवून पोलादी साच्यात दाबाने सोडतात. साच्यातून निघते ती एक चौकट, आणि तिला चिंचेच्या आकड्यांसारखे लटकलेले शेकडो भाग. प्रत्येक भागाला क्रमांक असतो. बारीक चिमट्यासारख्या कात्रीने तो भाग चौकटीपासून तोडावयाचा. तोडला की तेथे एक बारीकशी गाठ राहते. ती पात्याने खरवडावयाची, पॉलिश पेपरने घासावयाची, आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. घाई केली तर तेथे पांढरट डाग उमटतो. मग एक भाग दुसऱ्यात दाबून बसवावयाचा. या नव्या संचांना सरसही लागत नाही. खुंटी खोबणीत बसते आणि 'टक्' असा आवाज होतो. या आवाजासाठीच आपण हे करतो असे त्या तरुणाने आम्हास एकदा हसत सांगितले, आणि ते अगदीच खोटे नसावे.

प्लास्टिक मुळातच रंगीत असल्यामुळे खरे तर बाहेरूनही रंगविण्याची गरज नसते. तरी जाणकार रंगवितात. आधी करड्या अस्तराचा हात. मग पाण्यातला अॅक्रिलिक रंग, दुधासारखा पातळ करून, एकावर एक चार-पाच हात. जाड एक हात दिला तर काम लवकर होते, पण बारीक रेघा बुजतात. पत्र्यांमधल्या खाचांत काळसर पातळ रंग सोडतात, म्हणजे सांधे उठून दिसतात. कडांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने रुपेरी रंग चाटवितात, म्हणजे धातू झिजल्याचा भास होतो. शेवटी सारी चकाकी मारणारा एक निस्तेज फवारा. आणि हे सारे नागपुरात! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की रंग पुतळ्यावर पोहोचण्याआधी कुंचल्यावरच सुकतो. कूलर लावला तर धूळ उडते. पावसाळ्यात तो शेवटचा फवारा दमट हवेने पांढरा पडतो आणि महिन्याभराच्या कामावर धुके चढते. रंगाच्या बाटलीवरील सूचना लिहिणाऱ्याने वैदर्भीय उन्हाळा पाहिलेला नसावा.

येथवर सारे ठीक. पण या पुतळ्यांत १९९५ पासून एक वरची श्रेणी निघाली, आणि तिच्यात पुढे पुढे चिलखताच्या आत संपूर्ण सांगाडा येऊ लागला. आधी तो उभा करावयाचा. त्याला दंड, मनगट, बरगड्या, गुडघ्याचे सांधे असतात; गुडघा वाकविला की आतला दांडा सरकतो. हा सांगाडा पुरा झाला की त्यावर चिलखताचे पत्रे एकेक करून चढवीत जावयाचे. पत्रे चढले की सांगाडा झाकला जातो, जवळजवळ संपूर्णपणे आणि कायमचा. आणि आमच्या या तरुणाने तो सांगाडा रंगविला होता. नुसता एक हात देऊन नव्हे. दांड्यांना पोलादी रंग, नळ्यांना तांब्याचा, सांध्यांना तेलकट काळा, आणि पाठीच्या कण्यातील मणी एक सोडून एक वेगळ्या करड्या छटेत. त्यासाठी तीन आठवडे लागले. मग त्याने पत्रे चढविले.

त्याचे वडील आमच्याकडे आले ते या तीन आठवड्यांची तक्रार घेऊन. मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन बसला आहे, स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतो आहे, वय सव्वीस. "खेळू दे फादर, मी खेळाला नाही म्हणत नाही. पण जे दिसणारच नाही ते रंगवतो! मारबतीचे बांबू कोणी रंगवते का?"

नागपूरबाहेरील वाचकांसाठी थोडे सांगावयास हवे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शहरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. बांबूच्या सांगाड्यावर कागद-कापड चढवून, रंगवून उभ्या केलेल्या या प्रचंड स्त्रीप्रतिमा जुन्या वस्तीतून नेतात. लोक ओरडून ओरडून आपल्या घरातील रोगराई, इडापिडा त्यांच्यासोबत पाठवितात, आणि अखेर त्यांचे दहन होते. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. ही चाल दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये घातली असे सांगतात. महालातील चितारओळीत पिढ्यान्पिढ्या मूर्ती घडतात आणि रंगतात. डोळ्यांची आखणी करणारा हात तेथे आजही मान खाली घालून तासन्‌तास बसलेला दिसतो. थोडक्यात, प्रतिमा घडविणे, रंगविणे, मिरविणे आणि सोडून देणे हे या शहराला काही नवे नाही. तेव्हा त्या सद्गृहस्थांनी दिलेला दृष्टान्त रागाच्या भरात तोंडी आलेला नव्हता. त्यामागे या शहराचे व्यवहारज्ञान होते. मारबतीच्या बांबूंनी भक्कम असावे, सरळ असावे, मिरवणुकीत मोडू नये. त्यांनी सुंदर असण्याचे कारण नाही. दृष्टीआड सृष्टी. आणि जे उद्या जळावयाचे आहे त्याच्या आतल्या बाजूला जो रंग लावील त्याला रंगाची किंमत कळत नाही, असेच म्हणावे लागेल.

आम्हास हा युक्तिवाद सहजासहजी खोडता आला नाही, आणि तो पुरता खोडता येतो असे आजही वाटत नाही. ज्या वस्तूचे प्रयोजन दिसणे हेच आहे, तिच्यात न दिसणाऱ्या भागावर केलेले श्रम प्रयोजनाच्या बाहेर पडतात. अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सहाव्या भागात 'घडविणे' आणि 'आचरणे' यांत भेद केला आहे. घडविण्याचे साध्य घडविण्याच्या बाहेर असते; घर बांधणे हे घरासाठी असते. आचरणाचे साध्य आचरणातच असते. या भेदाप्रमाणे पुतळ्याचा रंग हा 'घडविणे' या सदरात मोडतो आणि वडिलांचा पक्ष बळकट होतो. संत थॉमस अक्वायनस त्याच वाटेने आणखी पुढे जातात. कला म्हणजे घडवावयाच्या वस्तूंविषयीचा यथार्थ विवेक, अशी त्यांची व्याख्या आहे. कारागिराची प्रशंसा होते ती त्याच्या मनातील हेतूसाठी नव्हे, हातातून उतरलेल्या कामाच्या गुणासाठी, असेही ते सांगतात. सेमिनरीत हे वाक्य आम्ही प्रथम शिकलो तेव्हा ते आम्हास काहीसे रुक्ष वाटले होते. सुतार सज्जन की दुर्जन याने टेबल डगमगायचे थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ वाटला.

पण त्या वाक्यात एक पळवाट नसलेली कठोरताही आहे. कामाचा गुण कामात असतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत नसतो. टेबल डगमगत नाही हे कुणी पाहिले नाही तरी ते डगमगत नाहीच. तसेच, रंगविलेला सांगाडा पत्र्यांखाली गेला म्हणून तो न रंगविलेला होत नाही. वस्तू आहे तशी आहे. आपण मात्र 'दिसते ते' आणि 'आहे ते' यांची गल्लत इतक्या सवयीने करतो, की झाकली गेलेली गोष्ट नाहीशी झाली असे समजून चालतो. वडिलांच्या लेखी त्या पुतळ्यात वरचा पत्रा तेवढा खरा आहे. मुलाच्या लेखी पुतळा आरपार खरा आहे. आता या दोघांपैकी वस्तूविषयी अधिक यथार्थ ज्ञान कुणाला आहे, असे विचारले तर आमचे मत मुलाच्या बाजूने पडते. श्रम योग्य ठिकाणी खर्च झाले की नाही, हा प्रश्न निराळा. तो आम्ही टाळणार नाही.

खेळाबद्दल थोडे. धार्मिक माणसांना खेळाचे वावडे असते अशी एक समजूत आहे, आणि काही धार्मिक माणसे ती खरी करून दाखविण्यासाठी झटत असतात. अक्वायनस मात्र खेळाला चक्क सद्गुणांच्या यादीत जागा देतात. शरीराला विसावा हवा तसा मनालाही हवा. खेळात अतिरेक हा दोष, तसाच कधीही न खेळणे आणि दुसऱ्यांच्या खेळात विरजण घालणे हाही दोषच. या ठिकाणी ते संत योहानाची एक जुनी कथा देतात. योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही जणांना धक्का बसला. त्यांतल्या एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडावयास सांगितले, एकामागून एक असे पुष्कळ. मग विचारले, असेच अखंड सोडीत राहशील काय? तो म्हणाला, मग धनुष्य मोडेल. योहानाला तेच म्हणावयाचे होते. तेव्हा सव्वीस वर्षांच्या बेकार मुलाने महिन्यातून काही रात्री प्लास्टिक रंगविले तर आकाश कोसळत नाही, असे आम्ही त्या सद्गृहस्थांना सांगितले. ते त्यांना फारसे पटले नाही. बेकार मुलाच्या बापाला संत थॉमस ऐकविण्यात एक प्रकारचा निर्दयपणाही असतो, हे आम्ही जाणतो.

याहून अवघड आक्षेप निराळाच आहे, आणि तो त्यांनी घेतला नाही. गुप्त काम हे गुप्त गर्वाचे घर होऊ शकते. "यांना वरचाच पत्रा दिसतो, आत काय आहे ते माझे मला ठाऊक", हा विचार मनाला गोड लागतो. चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्या परुश्याला आपण ओळखतो. दार लावून प्रार्थना करणारा आणि दार लावल्याचा मनोमन हिशेब ठेवणारा परुशी ओळखणे दुष्कर. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये अशी प्रभूंची शिकवण आहे. (पुतळ्याच्या कामात हे शब्दशः पाळता येत नाही. डाव्या हातात भाग धरावा लागतो आणि त्याला सारेच कळते.) या छंदातील बहुतेक मंडळी पत्रे चढविण्यापूर्वी सांगाड्याचे छायाचित्र काढून ठेवतात आणि एकमेकांना पाठवितात. म्हणजे जे दिसणार नाही असे आपण मानीत होतो ते आधीच चारशे जणांना दिसलेले असते! यात वाईट काही नाही. मात्र मग ते काम न दिसणाऱ्या कामांत धरता येणार नाही. आमच्या तरुणाने छायाचित्र काढले होते की नाही, हे आम्ही विचारले नाही. काही प्रश्न विचारले की उत्तर खोटे होऊ लागते.

दुसराही एक आक्षेप वाचकांच्या मनात केव्हाचा उभा असेल. हे खेळणे युद्धाचे आहे. ज्या शहरात सीताबर्डीच्या टेकडीसाठी २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी रक्त सांडले आणि ज्याच्या वेशीवर दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्या शहरातल्या तरुणाने आणखी एका योद्ध्यावर इतके प्रेम का करावे? आम्हास या आक्षेपाचे वजन वाटते. चिलखताला एक विलक्षण देखणेपण असते आणि ते देखणेपण त्याच्या कामाविषयी खोटे बोलते. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आमच्या अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन पाहून बाहेर पडणाऱ्या मुलांचे चेहरे पाहावेत; त्यांवर भीती नसते, हेवा असतो. कोणत्याही संग्रहालयातील चिलखत पोकळ असते. आत कुणी नसते. ज्याच्या कातडीला त्या कड्या टोचल्या, ज्याचा घाम त्या अस्तरात मुरला, तो केव्हाच गेला. राहिला तो पत्रा, आणि आपण पत्र्याचे कौतुक करतो. उलट, चिलखताचा खरा उपयोग ज्याने केला त्याने ते दाखविलेच नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी चिलखत अंगरख्याच्या आत घातले होते आणि मंदिलाखाली लोखंडी टोप. तेथे झाकलेली बाजू हीच कामाची बाजू होती.

जपानी कथेबद्दल आम्ही थोडे अधिक जाणून घेतले तेव्हा हा आक्षेप आमच्या मनात जरा निराळ्या जागी जाऊन बसला. ती कथा युद्धाची आहे, पण विजयाची नव्हे. तिच्यातील युद्धात निम्मी मानवजात मरते. आणि त्या अवाढव्य चिलखताच्या धडात बसून ते चालविणारा नायक आहे पंधरा वर्षांचा एक मुलगा, जो स्वेच्छेने सैनिक झालेला नाही. पुतळ्याच्या संचातही तो असतो! धडाच्या पत्र्यामागे एक कप्पा, कप्प्यात एक आसन, आसनावर एक मनुष्याकृती. शंभरास एक या प्रमाणात तिचा आकार सीताफळाच्या बीएवढा, डोके मोहरीच्या दाण्याएवढे. कारखान्यातून ती एकाच रंगात येते. तिला रंगवावयाचे तर भिंगाखाली, दोन-चार केसांच्या कुंचल्याने, श्वास रोखून. धडाचे दार लावले की ती दिसत नाही. त्या तीन आठवड्यांतले शेवटचे चार दिवस या एका दाण्यावर गेले, असे आम्हास नंतर कळले. वडिलांना हे आम्ही सांगितलेले नाही.

हे कळल्यावर मारबतीचा दृष्टान्त आमच्यासाठी तरी संपला. मारबतीच्या आत बांबू असतात. येथे आत एक मुलगा होता. प्लास्टिकचा, सीताफळाच्या बीएवढा, मान्य. पण चिलखत पाहताना आत कुणीतरी आहे हे न विसरणे, ही काही खेळण्यापुरती गोष्ट नव्हे. अजब बंगल्यातून हेवा घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना कुणी ते सांगत नाही. आमच्या चर्चमध्ये संत मायकेलचा जो पुतळा असतो त्याच्याही अंगावर रोमन सैनिकाचे चिलखत असते, आणि लहान मुलांचे सारे लक्ष तलवारीकडे असते.

चिलखताचा विषय निघाला की संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील आध्यात्मिक शस्त्रसामग्री आठवणारच. कमरबंद, उरस्त्राण, पायतणे, ढाल, शिरस्त्राण, तलवार. जुने प्रवचनकार या यादीतील एक उणीव हटकून दाखवीत. पाठीसाठी काहीच नाही. ख्रिस्ती सैनिकाने पाठ दाखवावयाची नसते म्हणून, असे त्यावरचे त्यांचे भाष्य असे. आम्हास ते भाष्य थोडे फुशारकीचे वाटते. पाठ ही माणसाची न दिसणारी बाजू आहे, सर्वांत आधी त्याला स्वतःलाच न दिसणारी. तिचे रक्षण त्याने स्वतः करावयाचे नसून सोबत उभ्या असलेल्याने करावयाचे असते, म्हणून पौलाने तिच्यासाठी काही दिले नसावे, असा अर्थ आम्ही लावतो. शास्त्रपंडितांनी तो मानलाच पाहिजे असा आमचा आग्रह नाही.

त्या घरी आम्ही महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जातो, ते त्या तरुणाच्या आजीला ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी. लकव्याने तिची उजवी बाजू गेली त्याला दोन वर्षे होऊन गेली. पाहुणे येतात तेव्हा तिचे केस विंचरलेले असतात, चादर स्वच्छ असते, उशीशी जपमाळ असते. तिचा मुलगा, म्हणजे आमचे ते सद्गृहस्थ, हे सारे मनापासून पाहतात. दवाखान्यातील सिस्टर एकदा आमच्यासोबत आल्या होत्या. त्यांनी आजीला कुशीवर वळवून पाहिले आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, दोन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या पाठीला एकही जखम नाही, हे आम्हालाही रुग्णालयात दर वेळी साधत नाही. अशा रुग्णाला दर दोन तासांनी कूस पालटून द्यावी लागते, पाठ पुसून कोरडी करावी लागते, आणि रात्रीही तो नेम चुकवून चालत नाही. दिवसा शेजारची एक बाई येते. रात्री अकरा, एक, तीन आणि पाच वाजता हे काम नातू करतो.

"जागायचेच असते फादर," तो म्हणाला. "नुसते बसले की डोळा लागतो. परीक्षेचे पुस्तक उघडले की लवकर लागतो."

येथे एक मोह होतो आणि तो आवरणे आवश्यक आहे. सांगाड्याच्या कण्यातील मणी रंगविता रंगविता त्याला आजीची पाठ जपण्याची शिकवण मिळाली, असे म्हणावयाचे. किंवा आजीची सेवा करता करता न दिसणाऱ्या बाजूचे मोल कळले आणि ते पुतळ्यात उतरले, असे. प्रवचनात यांतले एखादे वाक्य छान शोभेल. पण आम्ही अशीही माणसे जवळून पाहिली आहेत जी घड्याळाच्या आतली चाके देवघरातल्या वस्तूंसारखी पुसतात आणि घरातल्या माणसाशी वर्षानुवर्षे बोलत नाहीत. वस्तूंवरील निष्ठा माणसांवरील निष्ठेत आपोआप रूपांतरित होत नाही. होत असती तर जगातील सर्व उत्तम कारागीर संत झाले असते. एवढेच म्हणता येईल की दोन्हींत लक्ष लागते, आणि ते एकाच जातीचे लक्ष आहे: समोर जे आहे ते कुणी पाहते म्हणून नव्हे, ते आहे म्हणून पाहणारे. ते कुठे खर्च करावयाचे हा निर्णय मात्र दर वेळी नव्याने घ्यावा लागतो, आणि तो कुंचला घेऊन देत नाही.

म्हणूनच श्रम योग्य ठिकाणी खर्च झाले की नाही या प्रश्नाचे आमचे उत्तर तासांच्या हिशेबात नाही. ते एका अगदी साध्या कसोटीत आहे. पलीकडच्या खोलीतून हाक आली तर हातातले काम तेथल्या तेथे सुटते की नाही? न दिसणाऱ्या रंगाला आम्ही दोष देणार नाही, जोवर तो हाकेच्या आड येत नाही. ज्या दिवशी 'एवढा सांधा होऊ दे' असे शब्द तोंडून निघतील, त्या दिवशी वडिलांची तक्रार खरी ठरेल, आणि तेव्हा ती बांबूंपुरती राहणार नाही.

आम्ही हे त्या तरुणाशी बोललो. तो काही बोलला नाही. टेबलावरील पाण्याच्या पेल्यात त्याचे कुंचले उभे होते. त्यांतल्या एका बारीक, महागड्या कुंचल्याचे केस तांब्याच्या रंगात दगडासारखे घट्ट झाले होते. अॅक्रिलिक रंग एकदा वाळला की पाण्याने निघत नाही, आणि मे महिन्यात त्याला वाळावयास दोन मिनिटे पुरतात. ते कसे झाले असे आम्ही विचारले. मेच्या एका रात्री, तीनच्या आधी, असे तो म्हणाला.

तो कुंचला त्याने अजून टाकलेला नाही. त्याची मागची बाजू खाचांतला जास्तीचा रंग खरवडावयास कामी येते.